तोंडाचा पट्टा

शाळेत तिला सगळे शिट्टीबाई म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, मुख्याध्यापक तोंडावर म्हणत, आणि एकदा भर पालकसभेत एका बापाने "त्या शिट्टीबाई कुठायत हो?" असं विचारलं तेव्हा तिने स्वतःच हात वर केला. गळ्यात शिट्टी आणि पायात बूट घालून ती पीटी शिकवायची, म्हणून शिट्टीबाई. नावात अपमान शोधत बसायला तिला वेळ नव्हता. अपमान तसेही भरपूर होते, शोधावे लागत नव्हते. गणिताचा भाग मागे पडला की पीटीचा तास गणिताला. पाहुणे यायचे असले की मैदान आखायला पीटीच्या बाई. "तुमचं बरंय बाई, पेपर तपासायची भानगड नाही," असं स्टाफरूममध्ये रोज कुणी ना कुणी म्हणे, आणि ती हसून सोडून दिल्यासारखं दाखवी.

सोडून मात्र तिने काहीच दिलेलं नव्हतं. धावताना कुणाच्या पोटात दुखतं, कुणाचा घोटा आत वळतो, कोण दोन फेऱ्यांत पांढरं पडतं, हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती, आणि त्यामागचं 'का' कवायतीच्या कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हतं. चाळिशी गाठली तेव्हा तिने गुपचूप एका परदेशी विद्यापीठाकडे अर्ज केला, व्यायामशास्त्रात एम.एस्सी. करण्यासाठी. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली, आणि स्टाफरूममध्ये एकच हशा पिकला.

"उड्या मारायला परदेशात?" गणिताचे सर म्हणाले. "मग आल्यावर काय, आपली मुलं जास्त उंच उडणार का?"

शाळेने रजा दिली, पण बजावून दिली. रजा संपेल त्या दिवशी हजर व्हायचं, पदवी घेऊन या नाहीतर हात हलवत या, एक दिवससुद्धा वाढवून मिळणार नाही. हात हलवत परत यायचं आणि त्या सरांच्या समोरच्या खुर्चीवर बसून डबा खायचा, या एका विचाराने शिट्टीबाईच्या अंगावर काटा यायचा.

घरी मात्र खरा धक्का सासूबाईंनी दिला. या सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. साऱ्या जगाची बोलणी जोडून देता देता त्यांचं स्वतःचं बोलायचं राहून गेलं होतं, ते त्या निवृत्तीनंतर व्याजासकट वसूल करत होत्या. सकाळी डोळे उघडले की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो झोप लागेपर्यंत. पण एवढ्या बोलण्यात दोन वाक्यं कधी म्हणजे कधी आली नव्हती. एक, 'मी थकले'. दुसरं, 'शाब्बास'. अंगात ताप असला तरी "काही नाही गं, ऊन लागलं असेल", मग बाहेर धो धो पाऊस का कोसळत असेना. आणि सुनेच्या संघाने पहिल्यांदा जिल्ह्याची ढाल जिंकून आणली, तेव्हा ती दोन्ही हातांत तोलून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जड आहे."

"ती एकटी तिकडे काय खाणार?" सासूबाई म्हणाल्या. "मी जाते बरोबर."

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, तो हलू शकत नव्हता. लेक वसतिगृहात. "आई, आणि मी?" नवऱ्याने विचारलं.

"तू चष्मा लाव आणि स्वयंपाकघर शोध."

तर अशा या दोघी सासूसुना परदेशात पोचल्या. चौथ्या मजल्यावर एक खोली, खाली कपडे धुण्याचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम साबणाचा वास आणि भिंतीला हात लावला तर कोमट. खिडकीपाशी एक टेबल होतं. दिवसा त्यावर सुनेचं पुस्तक आणि सासूची भाजी असायची, आणि कधी कधी पुस्तकात कोथिंबीर सापडायची.

विद्यापीठातली प्रयोगशाळा तळघरात होती. खिडकी नाही, रबराचा वास, आणि मधोमध तो पट्टा. जागच्या जागी धावायचं यंत्र, ट्रेडमिल. तोंडाला मास्क, छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, समोर पडद्यावर आलेख. वर्गातली पोरं तिच्या लेकीच्या वयाची. पहिल्या सत्रात संख्याशास्त्राने तिला नाकी नऊ आणले. काही कळेनासं झालं की ती बाथरूममध्ये जाऊन रडायची आणि तोंड धुऊन परत पहिल्या बाकावर येऊन बसायची. पण पहिल्या प्रात्यक्षिकाला चित्र पालटलं. बाकीची पोरं पट्ट्यावरच्या माणसाला "जरा असं करता का, प्लीज" म्हणत चाचरत होती. शिट्टीबाईची पाळी आली आणि तिने सवयीने मैदानी आवाज लावला: "खांदे खाली!" साऱ्या प्रयोगशाळेचे खांदे खाली आले. मार्गदर्शक मॅडमचेसुद्धा.

या मॅडम म्हणजे उंच, शिडशिडीत, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेल्या. सासूबाईंनी त्यांना पहिल्या भेटीतच नाव देऊन टाकलं, घड्याळबाई. "एक शिट्टीबाई, एक घड्याळबाई," त्या म्हणाल्या. "आता फक्त घंटा वाजवायला कुणीतरी हवं." घड्याळबाई फार हसत नसत, पण त्या दिवसापासून अवघड प्रयोग आला की माणूस पट्ट्यावर चढवायचं काम त्या शिट्टीबाईवर सोपवत. हे शिट्टीबाईने नवऱ्याला फोनवर तीनदा सांगितलं, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगितलं.

प्रबंधासाठी तिने विषय घेतला तो घरचाच. व्यायाम करणाऱ्या माणसाला मधून मधून विचारतात, किती कष्ट पडतायत? समोर एक तक्ता असतो. अगदी हलकं, हलकं, थोडं कठीण, कठीण, फार कठीण. माणूस बोट ठेवतो आणि शिकवणारा वेग कमी-जास्त करतो. प्रत्येकाच्या छातीला यंत्र लावता येत नाही, म्हणून या उत्तरावरच भिस्त. हा तक्ता आपल्या भाषेत, आपल्या साठी-सत्तरीतल्या बायकांसाठी करायचा आणि तो खरा उतरतो का ते तपासायचं, असा तिचा बेत होता. घड्याळबाईंना विषय आवडला.

आता परदेशात आपली भाषा बोलणाऱ्या साठीच्या बायका कुठे शोधायच्या? सासूबाईंनी त्या केव्हाच शोधल्या होत्या. इमारतीमागच्या बागेत एका लांब बाकावर नातवंडं सांभाळायला आलेल्या आज्यांची संध्याकाळी बैठक भरायची. सासूबाई तिथे पहिल्या दिवशी पाहुण्या म्हणून गेल्या आणि आठवड्याच्या आत अध्यक्ष झाल्या. "माझ्या सुनेला आज्या पाहिजेत," त्यांनी जाहीर केलं. सगळ्यात आधी तयार झाली ती जुळ्यांची आजी. दोन नातवंडांमागे दिवसभर पळून तिला वाटत होतं की निदान तो पट्टा तरी एकाच दिशेने पळतो. तिच्यामागोमाग बाकी सगळ्या. डॉक्टरांनी एकेकीला तपासून परवानगी दिली आणि प्रयोग सुरू झाला.

आणि पहिल्या दिवसापासून गोंधळ. पट्ट्याला चढ दिला की पडद्यावर ठोक्यांची रेघ वर वर जायची. कपाळावर घाम, कान लाल. शिट्टीबाई तक्ता पुढे धरायची. "कसं वाटतंय, आजी?"

"हलकं."

आणखी चढ. "आता?"

"हलकं गं. तू कशाला काळजी करतेस?"

एकीचं झालं, दुसरीचं झालं, सगळ्यांचं तेच. ठोके डोंगर चढतायत आणि उत्तरं पायथ्याशी बसून आहेत. शिट्टीबाईने शब्द बदलून पाहिले, अक्षरं मोठी केली, तक्त्याला रंग दिले. जुळ्यांची आजी तर घामाघूम होऊन उतरली आणि वर म्हणाली, "मजा आली हो! अगदी हलकं!" आणि मग भिंतीला धरून बराच वेळ उभी राहिली.

शेवटी सासूबाईंचा नंबर लागला. बाजारातून मुद्दाम आणलेले पांढरेशुभ्र बूट घालून त्या पट्ट्यावर चढल्या. घड्याळबाई शेजारी उभ्या. पहिला चढ, हलकं. दुसरा चढ, हलकं. तिसऱ्याला ओठ पांढरे दिसायला लागले, तरी हलकं. शिट्टीबाई काही म्हणणार एवढ्यात सासूबाईंचा पाय लटपटला, गुडघा टेकला आणि घड्याळबाईंनी झडप घालून लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. शिट्टीबाईने त्यांना काखेत धरून उचललं तेव्हा त्यांना बोलायलाही येत नव्हतं. श्वास परत आल्यावर पहिलं वाक्य काय आलं? "बूट नवे होते ना, म्हणून घसरला." पडले तरी नाक वर म्हणतात, ते यांच्यासाठीच.

गुडघा खरचटण्यावर निभावलं. पण घड्याळबाईंनी प्रयोग तिथेच बंद केला. त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इतक्या शांतपणे बोलल्या.

"एक तर तक्ता चुकीचा आहे किंवा बायका खरं सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. "काहीही असो, या उत्तरांवर मी कुणाला पुन्हा पट्ट्यावर चढू देणार नाही. महिनाअखेरपर्यंत तुला यातून वाट सापडली तर सांग. नाहीतर नवा विषय आणि आणखी एक वर्ष."

आणखी एक वर्ष म्हणजे काय हे त्यांना कुठून कळणार? रजा संपत आली होती. आणखी एक वर्ष म्हणजे हात हलवत परत जाणं आणि गणिताच्या सरांसमोर डबा खाणं.

घरी येऊन तिने गुडघ्याला मलम लावता लावता विचारलं, "आई, खरं सांगा. दम लागला होता ना?"

"लागला होता थोडा."

"मग हलकं का म्हणालात?"

"अगं, परीक्षा तुझी ना ती! तुला पास करायचं म्हणून तर! आम्ही दमलो म्हटलं असतं तर तुझे मार्क गेले असते."

"आम्ही?"

सासूबाईंनी जीभ चावली, पण बाण सुटला होता. मग सगळं बाहेर आलं. बाकावर रीतसर बैठक झाली होती. अध्यक्षांनी सांगितलं होतं, पोरीचं भवितव्य आपल्या हातात आहे, काय वाट्टेल ते होऊ दे, कुणीही थकले म्हणायचं नाही. एकजात सगळ्यांनी वचन दिलं होतं आणि एकजात सगळ्यांनी ते पाळलं होतं.

शिट्टीबाई उठून उभी राहिली. "केसाने गळा कापणं म्हणतात ते हे! शत्रूनेसुद्धा असं केलं नसतं, आई. तुम्ही माझं वाटोळं केलंत." एवढं बोलून ती बाहेर निघून गेली आणि कपडे धुण्याच्या दुकानासमोर फुटपाथवर बसून राहिली. यंत्रात गोल फिरणारे कुणाकुणाचे शर्ट बघत तिने मनातल्या मनात राजीनामा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला.

त्यानंतर सासूबाई बोलायच्या बंद झाल्या. स्वयंपाक व्हायचा, ताट समोर यायचं, बोलणं नाही. बागेत जाणं नाही. नवऱ्याने फोनवर घाबरून विचारलं, "आई आजारी आहे का? तिचा आवाज का येत नाही?" ज्या घरात पट्टा कधी बंद पडला नाही तिथे तो बंद पडला की काय होतं ते शिट्टीबाईला कळलं. तिला स्वतःच्या पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज ऐकू यायला लागला आणि तो तिला सहन होईना.

कोंडी फोडली ती लिफ्टने. एका संध्याकाळी दोघी सामान घेऊन आल्या तर लिफ्ट बंद. चार मजले, हातांत पिशव्या. सासूबाई पुढे, सून मागे. आणि पहिल्या पायरीवरच सासूबाईंना राहवलं नाही. पोटात एक बातमी साठली होती आणि ती आता नासायला लागली होती.

"ती लाल दारवाली नाही का, दुसऱ्या मजल्यावरची, तिच्याकडे तिची सून आलीय, आणि आलीय म्हणजे भेटायला नाही हं, चांगलं सामानसुमान घेऊन आलीय, आणि तिचं तोंड बघितलंस का, लाल दारवालीचं, मी सकाळी बघितलं, असं झालंय जसं काही..." पहिला मजला आला तरी वाक्य संपलं नव्हतं. समोरच्यांची भाषा येत नसताना या बाईला एवढं कळतं कसं, हे शिट्टीबाईला कधी समजलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर वाक्यं आखूड झाली. "दोन पेट्या होत्या. मोठ्या. मी बघितल्या."

"मग राहायलाच आली असणार," सून म्हणाली.

"हं."

तिसरा मजला. "पण मुलगा कुठे दिसला नाही."

"हं."

चौथ्या मजल्यावर सासूबाई कठड्याला धरून थांबल्या. छाती वरखाली होत होती.

"थकलात?" शिट्टीबाईने विचारलं.

सासूबाईंनी जोरात मान हलवली. नाही.

"बरं. मग लाल दारवाली सुनेला काय म्हणाली?"

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग हात वर केला. थांब जरा.

शिट्टीबाईच्या हातातली पिशवी हातातच राहिली. थकलात का, याला उत्तर 'नाही'. आणि बातमी पूर्ण सांगा, याला उत्तर वर केलेला हात. खोटं होतं ते उत्तरात होतं. तोंडाच्या पट्ट्यात खोटं नव्हतं. तो पायाखालच्या चढाशी इमानदार होता, पायरी-पायरीला, दोरीने बांधल्यासारखा. थकवा विचारायचाच कशाला? आता काय काय बोलता येईल, एवढंच विचारायचं! ती एवढ्या मोठ्याने हसली की शेजारचं दार उघडलं. मग तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि सासूबाईंना मिठी मारली. सासूबाईंना काही समजलं नाही, पण दम परत आल्यावर त्या म्हणाल्या, "बटाटे दाबले जातायत."

दुसऱ्या दिवशी बाकावर शिट्टीबाई स्वतः गेली. आधी तिने सगळ्यांची माफी मागितली, मग सगळ्यांना रागे भरली, आणि मग कामाला लावलं. पाच पायऱ्या ठरवायच्या होत्या. तिने मनाशी धरलं होतं, सगळ्यात सोपी पायरी म्हणजे 'गप्पा मारता येतील' आणि त्याच्या पुढची 'भांडता येईल'.

"उलटं आहे," जुळ्यांची आजी म्हणाली. "गप्पा काय, बसल्या बसल्या होतात. भांडायला दम लागतो. भांडता येतंय म्हणजे अजून काहीच झालेलं नाही."

"पण भांडण दमल्यावरच होतं," दुसरी म्हणाली. "संध्याकाळी माझं नि सुनेचं हमखास होतं."

"ते भांडण नव्हे, ती कुरकुर."

यावर बाकावर जे रण माजलं त्यात कुणालाच दम लागला नाही, आणि त्यानेच प्रश्न सुटला. पहिली पायरी 'भांडता येईल'. दुसरी 'गप्पा मारता येतील'. तिसरी 'कामापुरतं बोलता येईल'. चौथी 'नुसतं हं'. पाचव्या पायरीला शब्द सापडेना, तेव्हा सासूबाईंनी जिन्यात केला होता तसा हात वर करून दाखवला आणि तेच ठरलं. हात वर झाला की पट्टा लगेच थांबवायचा, खुर्ची पुढे करायची, पाणी द्यायचं. का, किती, काय होतंय, एक शब्द विचारायचा नाही. विचारलं की या पुन्हा "काही नाही" म्हणणार, हे शिट्टीबाई आता पुरतं ओळखून होती.

घड्याळबाईंना पायऱ्या समजावून सांगितल्या तेव्हा 'भांडता येईल' याचं भाषांतर ऐकून त्या पहिल्यांदा खळखळून हसल्या. पण काम त्यांनी चोख करून घेतलं. ठोक्यांची हद्द आधीच ठरवली, ती ओलांडली की बाई काहीही म्हणो, पट्टा बंद. प्रत्येक आजीची वेगवेगळ्या दिवशी दोनदा चाचणी. पहिल्या दिवसाचं उत्तर दुसऱ्या दिवशी तिला सांगायचं नाही. आणि सासूबाई मोजणीतून बाहेर, कारण घरचं माणूस चालत नाही.

"म्हणजे मी गुडघा फोडून घेतला तो फुकट?" सासूबाईंनी विचारलं.

"फुकट," सून म्हणाली. "आणि चाचण्या संपेपर्यंत बागेत जायचं नाही."

हा दंड फार मोठा होता, पण त्यांनी तो भोगला.

तळघर आता ओळखू येईना. "काय करता येईल, आजी?" "भांडता येईल." "कुणाशी?" "कुणाशीही!" चढ वाढायचा. "आता?" "गप्पा." आणखी चढ. "कामापुरतं." मग "हं." मग हात. खुर्ची सरकायची, पाण्याचा पेला यायचा, कुणी काही विचारायचं नाही. ज्या आज्यांनी जन्मात 'थकले' म्हटलं नव्हतं त्या 'आता भांडायचं त्राण नाही' हे अगदी ताठ मानेने सांगत, कारण त्यात कमीपणा काय? पडद्यावर ठोके चढत गेले आणि उत्तरं त्यांचं बोट धरून चढत गेली. दुसऱ्या दिवशीही तस्सं. शेवटच्या चाचणीनंतर घड्याळबाईंनी दोन्ही दिवसांचे आलेख एकमेकांवर ठेवले, दिव्याकडे धरले, आणि शिट्टीबाईच्या पाठीवर थाप मारली. त्या हाताचं ओझं शिट्टीबाईला घरी पोचेपर्यंत जाणवत होतं.

सादरीकरणाच्या दिवशी पहिल्या रांगेत सासूबाई, पायात ते पांढरे बूट. परीक्षकांची भाषा त्यांना येत नव्हती, पण आयुष्यभर कानाला यंत्र लावून बसलेल्या बाईला शब्द लागतातच असं नाही. आवाजावरून कळतं कोण अडणार आणि कोण जिंकणार. शिट्टीबाई बोलायला उभी राहिली आणि तिचा आवाज कापला, तेव्हा सासूबाईंनी तिच्याकडे बघून स्वतःचे दोन्ही खांदे खाली दाबले. शिट्टीबाईचे खांदे खाली आले. मग मैदानी आवाज लागला तो शेवटपर्यंत.

एका परीक्षकाने विचारलं, "भांडण पहिल्या पायरीवर का?"

"भांडताना श्वासासाठी कुणी थांबत नाही," ती म्हणाली. "वाक्य लांब, आवाज मोठा, आणि समोरच्याला मध्ये शिरू द्यायचं नाही. श्वास शिल्लक असला तरच ते जमतं."

सभागृह हसलं. दुसऱ्या परीक्षक हसल्या नाहीत. "या बायका थकवा लपवतात का?" त्यांनी विचारलं. "मग पुढेही लपवतील."

"लपवत नाहीत," शिट्टीबाई म्हणाली, आणि एक क्षण थांबली. "विचारणाऱ्या माणसाला आपला त्रास नको, म्हणून सांगत नाहीत. मी त्यांच्यावर रागावले होते. चुकले. बायका खोट्या नव्हत्या, माझा प्रश्न चुकीचा होता. हा तक्ता आमच्या जिन्यात सापडला, आणि ज्यांच्यामुळे सापडला त्यांचं नाव या आकड्यांमध्ये कुठेच नाही. त्या समोर बसल्यायत." आणि तिने हाताने दाखवलं.

सारं सभागृह वळून पांढऱ्या बुटांकडे बघायला लागलं. सासूबाईंना वाटलं आपल्याला उठून उभं राहायला सांगितलंय, म्हणून त्या उठून उभ्या राहिल्या.

तशा त्या उभ्याच होत्या, परीक्षक बाहेर जाऊन परत येईपर्यंत. बसा म्हणून सांगायला कुणाला त्यांची भाषा येत नव्हती आणि सून मंचावर खिळलेली. परीक्षक आले. घड्याळबाईंनी आधी शिट्टीबाईचा हात हातात घेतला आणि मग निकाल सांगितला. टाळ्या वाजायला लागल्या. शिट्टीबाई मंचाच्या पायऱ्या उतरून धावत आली.

"आई, झाले! पास झाले! एम.एस्सी. झाले मी!"

सासूबाईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. मिटलं, पुन्हा उघडलं.

"बोला ना काहीतरी," शिट्टीबाई हसत आणि रडत म्हणाली. "जड आहे, तरी म्हणा. शाब्बास नको, बरं आहे म्हणा. आई?"

आणि त्यांनी हात वर केला.

घड्याळबाईंनी ते मंचावरून पाहिलं. त्यांनी जवळची खुर्ची उचलली, गर्दीतून वाट काढत आल्या, सासूबाईंच्या मागे सरकवली आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. का, किती, काहीही विचारलं नाही. सासूबाई बसल्या. शिट्टीबाई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, त्या पांढऱ्या बुटांवर हात ठेवून, आणि पट्टा पुन्हा सुरू व्हायची वाट बघत राहिली.